सबंध इंजिन वाहणारी जहाजे



ह्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “अहो, बुलढाण्यास तुम्ही जहाजांवर बोलणार? येथल्या माणसाने पाणी पाहिले ते फार तर येळगावच्या धरणाचे!” प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त आहे. आपल्या गावापासून तीनशे किलोमीटरांच्या आत कोठेही समुद्र नाही. समुद्राचे राहोच, बुलढाणा शहराला रेल्वेचे स्टेशनसुद्धा नाही. गाडी गाठायची तर राजूरचा घाट उतरून मलकापूरला जावे लागते. तथापि समुद्राचा आणि आपला संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो फार जवळचा आहे. तो कापसाच्या गासडीने जडलेला आहे, आणि त्या गासडीच्या बदल्यात समुद्रावरून जे अवजड लोखंड आपल्याकडे आले, त्याने तो पक्का झाला आहे. ते लोखंड कसे आले, कोणत्या जहाजांनी आणले आणि त्या येण्याने आपले काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जड वस्तूंची गोष्ट निघालीच आहे तर एक आधी सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यात बाहेरून आलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे लोणारला पडलेली उल्का. तिने पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा पाडला. परंतु तिला भाडे पडले नाही, जहाज लागले नाही की यारीही लागली नाही. त्यानंतर जे जे जड येथे आले ते माणसाने आणले, आणि ते आणताना त्याला घाम फुटला.

आरंभ कापसापासून करावा लागतो. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे उत्तरेकडे मिर्झापूरला नेत आणि तेथून तो गंगेने कलकत्त्याला जाई. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजे, उन्हात वाळे आणि धुळीने माखे. जो पोहोचे त्याला कापूस म्हणावे की नाही हा प्रश्नच असे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी बंधूंनी वऱ्हाडचा कापूस सरळ मुंबईकडे वळविला आणि खामगावसारख्या ठिकाणी तो दाबण्याचे मळसूत्री दाब बसविले. हे दाब का लागले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कापूस वजनाने हलका, पण जागा फार खातो. जहाजवाला भाडे घेतो ते वजनावर किंवा जागेवर, ज्यात त्याला अधिक मिळेल त्यावर. चाळीस घनफूट जागा म्हणजे एक टन असा त्याचा हिशेब. तेव्हा कापूस जितका दाबावा तितके भाडे कमी. पुढे वाफेचे दाब आले आणि ३९२ पौंडांची रुईची गासडी लोखंडी पट्ट्यांनी अशी आवळली जाऊ लागली, की ती सोडताना पट्टी उसळून माणसाचा हात जायचा.

म्हणजे आपण समुद्राकडे जो माल धाडत होतो तो दाबून लहान करता येण्याजोगा होता. समुद्राकडून जो माल यावयाचा होता तो मात्र तसा नव्हता. इंजिन दाबता येत नाही. सारी गोष्ट येथून सुरू होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली उतारूगाडी धावली हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. गाडीला जोडलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनेही अनेकांना पाठ असतात. ती इंजिने मुंबईस पोहोचली कशी, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्यांच्याही आधी, १८५२ च्या आरंभी, ‘फॉकलंड’ नावाचे एक इंजिन मुंबईस उतरले होते. तेव्हाच्या गव्हर्नराचे नाव त्याला दिलेले होते आणि रूळ टाकण्याच्या कामावर त्याचा उपयोग झाला. मुंबईस त्या वेळी व्यापारी जहाज काठाला लावून माल उतरविता येईल अशी पाणी कोंडलेली गोदी नव्हती; ससून गोदी १८७५ ची आणि प्रिन्सेस गोदी १८८० ची. जहाज बंदरात नांगर टाकून उभे राही आणि माल होड्यांतून काठावर येई. काठावर आलेले ते लोखंडी धूड भायखळ्याच्या रस्त्यांतून माणसांनी दोर लावून ओढीत नेले. अशा मिरवणुकीत बघ्यांची नजर लोखंडावर असते. दोराला खांदा लावलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही.

त्यानंतर सत्तर वर्षे इंजिने येत राहिली ती बहुशः सुटी करून. बॉयलर वेगळा, चाके वेगळी, सांगाडा वेगळा, आणि बारीकसारीक भागांच्या पेट्या निराळ्या. आपल्या वऱ्हाडातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरापर्यंत १८६७ मध्ये पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही आठ मैलांची शाखा सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावास आले. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, १९०५ च्या फेररचनेत ते आपल्याकडे आले. अकोलेकर अजून विसरलेले नसतील!) आठ मैलांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय यावा ही गोष्ट साधी नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले, आणि युद्ध संपले तरी ते डोळे मिटले नव्हते. त्या आठ मैलांवरचे रूळ, पुलांचे लोखंड, इंजिन, आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतले बॉयलर व दाब, सारे समुद्र ओलांडून आलेले होते.

सुट्या भागांनी इंजिन आणण्यात दोष होते. वर्षावर्षाने इंजिने मोठी होत गेली. पेटी चुकून भलत्या बंदरात उतरे, एखादा लहानसा भाग हरवे आणि त्याची जोड पुन्हा विलायतेहून येईपर्यंत लाखमोलाचे इंजिन शेडमध्ये उभे राही. भाग आले तरी ते जोडून, तपासून रुळावर घालण्यास आठवडेच्या आठवडे लागत. पण त्या पद्धतीचा एक गुणही होता. जोडणीचे काम मुंबईत, परळच्या कारखान्यात होई. तेथल्या लोहाराला, फिटरला, बॉयलरवाल्याला इंजिनाचे पोट उघडे दिसे. ज्याने शंभर इंजिने जोडली त्याला एकशे एकावे घडविण्याची उमेद यावी हे स्वाभाविक आहे. अजमेरच्या कारखान्याने १८९५ मध्ये एक इंजिन घडवून दाखविलेही होते. हा मुद्दा श्रोत्यांनी मनात ठेवावा. त्याकडे आम्ही परत येणार आहोत.

पहिल्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. इंग्लंडातील न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीला बेल्जमच्या रेल्वेसाठी दोनशे इंजिने पुरविण्याचे काम मिळाले. अंतर थोडे, समुद्र अरुंद. एवढ्यासाठी इंजिन सोडायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे म्हणजे शेजारच्या घरी जाताना छप्पर उतरवून नेण्यासारखे. ख्रिस्तन स्मिथ नावाच्या एका नॉर्वेजियन कप्तानाने सबंध इंजिने, रुळावर ठेवताच चालतील अशा स्थितीत, पोहोचविण्याचा पत्कर घेतला आणि तो पार पाडला. पुढे त्याने ह्याच कामाकरिता खास जहाजे बांधविली. त्यांची नावे ‘बेल’ ह्या अक्षरांनी सुरू होत: बेलपरेल, बेलजीन इत्यादी. १९२६ मध्ये बांधलेल्या ह्या जहाजांची तोंडे लांबरुंद होती, पोटात मधे खांब नव्हते आणि डोलकाठीला भक्कम यारी होती.

दुसरे नाव जर्मनीतील ब्रेमेनच्या हंसा कंपनीचे. विलायतेहून हिंदुस्थानात जुळलेली इंजिने नेऊ शकेल असे जहाज हवे, अशी मागणी १९२० नंतरच्या दशकात तिच्याकडे आली, आणि तिच्यातून ‘लिश्टेनफेल्स’ हे जहाज निर्माण झाले. त्याची यारी एकशे वीस टन उचलीत असे. अवजड माल वाहणाऱ्या जहाजांचे जनकत्व पुष्कळ जण हंसा कंपनीला देतात. आमच्या मते काळाच्या दृष्टीने स्मिथचा मान आधी. पण तो वाद नॉर्वेकरांनी आणि जर्मनांनी खुशाल घालावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच. आज अवघ्या जगाच्या समुद्रांवर हिंडणाऱ्या ह्या जहाजकुळीच्या जन्माला जी निमित्ते झाली, त्यांत हिंदुस्थानच्या रेल्वेची गरज हे एक होते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ह्या स्टेशनांवरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांसारख्या गाड्यांकरिता ती घडली.

जहाजाने शंभर टन उचलावे ह्यात एवढे विशेष काय, असे कोणी विचारील. म्हणून थोडे यंत्रशास्त्र सांगतो. काठावरची यारी जमिनीत रोवलेली असते, तिला आधार पृथ्वीचा. जहाजावरच्या यारीला आधार पाण्याचा, म्हणजे अधांतराचाच. इंजिन जहाजाच्या पोटात तळाशी असते तोवर ते जहाजाला स्थिर ठेवते. ते तळावरून उचलले गेले की त्याच क्षणापासून त्याचा सारा भार यारीच्या शेंड्याशी टांगल्यासारखा होतो. वजन तसूभरच वर उचललेले असले तरी जहाजाला ते डोलकाठीवर चढून बसल्यासारखे लागते. आणि यारी काठाकडे वळली की जहाज त्या अंगास कलंडू लागते. आपल्याकडे गाडीत कडब्याचा भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि बैलांचे खांदे वर उचलले जातात; तोच प्रकार आडव्या अंगाने. गाडीवान काय करतो? धुरेवर जाऊन बसतो. जहाजाचा कप्तान दुसऱ्या अंगाच्या टाक्यांत पाणी भरतो. हे पाणी यारीच्या चालीशी मेळ राखून, थोडे थोडे चढवावे लागते. घाई झाली तर जहाज उलट बाजूला झोकांडते आणि टांगलेले इंजिन झुलू लागते. शंभर टनांचे झुलते लोखंड कोणाचेही ऐकत नाही. अशा वेळी काठावर जो शिट्टीवाला उभा असतो त्याच्या हाताच्या खुणेपुढे कप्तानाचेही काही चालत नाही.

निघण्याच्या ठिकाणी दुसरीच गंमत. आपल्याकडचा मोठा मार्ग साडेपाच फुटी. विलायतेतला चार फूट साडेआठ इंची. त्यामुळे आपल्यासाठी घडविलेले इंजिन ज्या देशात घडे त्या देशाच्या रुळांवरून चालूच शकत नसे. ग्लासगो शहराच्या स्प्रिंगबर्न भागातील नॉर्थ ब्रिटिश कंपनीची इंजिने मोठाल्या चाकगाड्यांवर चढवून, रस्त्याने ओढत क्लाइड नदीच्या धक्क्यावर नेत. तेथे १९३२ मध्ये एकशे पंचाहत्तर टनांची एक प्रचंड यारी उभारली गेली. ती आज कामात नाही, पण शहराची खूण म्हणून नदीकाठी अजून उभी आहे. स्कॉटलंडातली पोरेही म्हणजे रस्त्याच्या कडेला उभी राहून ही मिरवणूक पाहात असतील, जशी पाऊणशे वर्षांपूर्वी मुंबईतली पोरे भायखळ्याला उभी होती.

आमच्या लहानपणी जलंब स्टेशनावर खामगावच्या गाडीची वाट पाहात उभे असताना एका मालगाडीच्या इंजिनावरची पितळी पाटी आम्ही अक्षर लावून वाचली होती. त्यावर ग्लासगोचे नाव होते. आमच्याबरोबर असलेल्या काकांना आम्ही विचारले, “काका, हे गाव कोठे आले?” काका म्हणाले, “समुद्रापल्याड.” “मग इंजिन पाण्यातून आले कसे?” ह्यावर काका थोडे थांबले आणि म्हणाले, “बसून आले असेल!” उत्तर अगदी बरोबर होते, हे कळायला आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

आता मघाचा मुद्दा. ज्या दशकात सबंध इंजिने वाहण्याची ही युक्ती सिद्धीस जात होती, त्याच दशकात ह्या देशात इंजिने करण्याचा एक प्रयत्न मेला. १९२१ मध्ये सिंहभूम जिल्ह्यात, जमशेदपूरजवळ, पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली. सरकार देशात इंजिने बनविणारांकडून निविदा मागवील, ह्या आश्वासनावर तिचा भरवसा होता. कारखाना उभा राहिला. मागणी आली नाही. कंपनीने संरक्षण मागितले, तेव्हा १९२४ मध्ये टॅरिफ बोर्डाने सांगितले की देशातली इंजिनांची मागणी एवढा कारखाना चालविण्याइतकी नाही. कंपनी बुडाली. कारखान्याची जागा रेल्वेच्या दुसऱ्या कामास लागली आणि १९४५ मध्ये टाटांच्या टेल्कोकडे आली.

ह्यात जहाजांचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. नॉर्वेच्या कप्तानाला सिंहभूम कोठे आहे हेही ठाऊक नसेल. त्याने एक अवघड काम चोख केले, आणि त्याबद्दल त्याला शाबासकीच दिली पाहिजे. तरीदेखील दोन गोष्टी शेजारी मांडून पाहिल्या म्हणजे मन अस्वस्थ होते. दूर देशीचे इंजिन उचलून आणण्यासाठी एकशे वीस टनांची यारी समुद्रावर उभी राहू शकते. पण तेच इंजिन येथे घडविण्यासाठी एका कारखान्याला पुरतील एवढ्या मागण्या मिळू शकत नाहीत. शिवाय पूर्ण जुळलेले इंजिन थेट गोदीत उतरले म्हणजे परळच्या फिटरच्या हातचे जोडणीचे काम गेलेच. गाडी लवकर धावू लागली, माल लवकर पोहोचला, भाडे वाचले. हे सर्व खरे. मात्र इंजिनाचे पोट उघडे पाहण्याची जी संधी होती तिला झाकण बसले. इतिहासकार सोयीचा हिशेब मांडतात. हुकलेल्या शिक्षणाचा हिशेब फारसे कोणी मांडीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ह्या जहाजांची एक चमत्कारिक गाठ आपल्या किनाऱ्याशी पडली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा हंसा कंपनीची एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जहाजे हिंदी महासागरात होती. ‘फेल्स’ म्हणजे खडक. त्या कंपनीच्या जहाजांच्या नावात तो असायचाच. इंग्रजी बंदरात शिरावे तर कैद, म्हणून ती गोव्यात मुरगावच्या बंदरात शिरली. पोर्तुगाल तटस्थ होता. एक इटालियन जहाजही तेथे होते. साडेतीन वर्षे ही जहाजे उभ्याने गंजली. पैकी एरेनफेल्सवरून बिनतारी यंत्राने इंग्रजी जहाजांच्या बातम्या पाणबुड्यांना कळविल्या जातात असा इंग्रजांना संशय आला. तटस्थ बंदरात आरमार धाडता येईना. तेव्हा ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स ह्या हौशी घोडेस्वार पलटणीतली मध्यमवयीन मंडळी, कोणी व्यापारी तर कोणी कचेरीतले साहेब, ‘फीबी’ नावाच्या एका संथ गाळवाहू बार्जमधून कोचीनकडून येऊन एरेनफेल्सवर चढली. झटापटीत जहाजाचा कप्तान मारला गेला. जर्मनांनी आपली जहाजे स्वतःच पेटविली आणि बुडविली. हे सारे पस्तीस वर्षे झाकून राहिले. १९७८ मध्ये जेम्स लीझर ह्यांच्या पुस्तकाने ते जगापुढे आले आणि १९८० मध्ये त्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला. हंसा कंपनीचे नशीब असे, की ज्या वर्षी तो चित्रपट पडद्यावर आला त्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे इंजिने समुद्रावरून येतच राहिली. डब्ल्यू. पी. जातीची, निमुळत्या नाकाची पहिली सोळा इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली. पुढे कॅनडातूनही आली. डब्ल्यू. जी. जातीची मालगाडीची पहिली शंभर इंजिने ग्लासगोने दिली. आणि त्याच सुमारास, १९५० मध्ये, चित्तरंजनच्या कारखान्यातून ‘देशबंधु’ हे पहिले स्वदेशी डब्ल्यू. जी. इंजिन बाहेर पडले. ग्लासगोची कंपनी १९६२ मध्ये बंद झाली. तिचे मोठे गिऱ्हाईक स्वतःच कारखानदार झाले होते. कंपनी बुडण्याचे हेच एक कारण नव्हते; वाफेकडून डिझेलकडे वळताना ती अडखळली. पण गिऱ्हाईक गेल्याची झळ तिला लागली हे उघड आहे.

घाटांतून विजेच्या गाड्या ओढणारी १९२८ नंतरची इंजिने स्वित्झर्लंडच्या आणि इंग्लंडच्या कारखान्यांतली. कसारा-खंडाळ्याच्या रेल्वे कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीचे, आपल्या ‘शकुंतले’चे, १९२१ चे मँचेस्टरचे इंजिन तर १९९४ पर्यंत राबले. समुद्रावरून आलेल्या ह्या पाहुण्यांनी येथे जन्म काढला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

जहाजे मात्र तेथेच थांबली नाहीत. पुढे अशी जहाजे निघाली जी उचलत नाहीत, बुडतात! जहाज आपल्या टाक्यांत पाणी घेऊन पाठ पाण्याखाली नेते. न्यायची वस्तू तरंगत तिच्यावर आणून ठेवतात. मग टाक्यांतले पाणी बाहेर टाकून जहाज वर येते आणि ओझे आपोआप पाठीवर बसते. म्हैस डोहात बसावी, पोराने पाण्यातूनच तिच्या पाठीवर यावे आणि म्हशीने उठावे, तसे. २००० साली एडनच्या बंदरात स्फोटाने भगदाड पडलेली अमेरिकेची ‘कोल’ ही युद्धनौका ‘ब्लू मार्लिन’ नावाच्या अशाच जहाजाने पाठीवर घेऊन मायदेशी पोहोचविली. त्यानंतरच्या ‘व्हॅनगार्ड’ जहाजाची पाठ २७५ मीटर लांब असून ते लाखाहून अधिक टन ओझे घेते. मुंबईच्या पोटातून मेट्रोचे बोगदे खणणारी प्रचंड यंत्रेही परदेशांतून जलमार्गेच आली. त्यांना कृष्णा, गोदावरी, वैनगंगा अशी आपल्या नद्यांची नावे दिली गेली. वैनगंगा मुंबईखालून वाहिली, म्हणावयास हरकत नाही.

आणि उलटा प्रवासही सुरू झाला. वाराणसीच्या कारखान्याने १९७६ मध्ये टांझानियाला डिझेल इंजिने धाडली. २०२५ मध्ये बिहारच्या मढौरा येथून गिनी ह्या आफ्रिकी देशासाठी इंजिने निघाली आणि मुंद्रा बंदरावर जहाजात चढली. ज्या गोदीत पूर्वी यारी इंजिन उतरवी, तशाच गोदीत आता यारी इंजिन चढविते. कलंडण्याचा आणि टाक्यांत पाणी भरण्याचा हिशेब तोच. बाण तेवढा उलट्या दिशेचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नांदुऱ्याहून खामगावकडे येत असताना हमरस्त्यावर वाहतूक तुंबलेली होती. हा रस्ता हजिऱ्याहून, म्हणजे समुद्राकाठून निघतो, हे आपल्या ध्यानातही नसते. पुढे एक राक्षसी वाहन उभे होते. चाके मोजू लागलो आणि शंभराच्या पुढे मोजणे सोडून दिले. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेले एक लांबट लोखंडी पात्र होते. दोन पोरे लांब बांबूंनी रस्त्यावरची विजेची तार वर उचलून धरीत होती आणि तिसरा, डोक्याला मफलर बांधलेला, गाडीपुढे उलट्या पावली चालत शिट्टी वाजवीत हाताने खुणा करीत होता. आमच्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या गाडीतल्या कापसाकडे एकवार पाहिले, त्या ओझ्याकडे पाहिले आणि विचारले, “काय हाय जी हे?” आम्हांस सांगता आले नाही. शिट्टीवाल्याला विचारले, तर तो मागे न पाहताच म्हणाला, “माहीत नाही साहेब. जड आहे.”